चाचणीसाठी खरी किल्ली

१२ ऑगस्ट, सोमवार

पोचले बाई एकदाची! करागांडाहून नऊ तासांची बस, त्यात शेजारच्या म्हातारबाबांनी रस्ताभर कुर्त, म्हणजे सुक्या दह्याच्या खारट गोळ्या, चघळत माझ्या सात पिढ्यांची नावं विचारली. सातवं आठवेना, तर त्यांनी असं तोंड केलं की जणू मी त्यांचा घोडाच चोरलाय. पण कोकबास्ताउ दिसलं आणि सगळा शीण गेला. कालव्याच्या कडेने पॉप्लरची रांग, स्वच्छ रस्ते, आणि स्टँडवर मला न्यायला स्वतः कलांपिर आपाय आलेली. पाणीवाटप कचेरीची ही मुख्य कारकून, सगळ्यांची आपाय, म्हणजे ताई, पंचेचाळिशीची, गालावर खळ्या. बॅग माझ्या हातातून ओढूनच घेतली.

कचेरीने दिलेला फ्लॅट दोन खोल्यांचा आहे. आतल्या खोलीत ऊन येतं, ती आयीमची. पोरगी सात वर्षांची झाली, पहिलीत जाणार. एकतीस तारखेला आई तिला घेऊन येईल. तिचा बाप सोडून गेल्यापासून आम्ही तिघी आईच्या एका खोलीत कोंबलेल्या होतो. आता स्वतःचं दार, स्वतःची चूल. ही नोकरी टिकली पाहिजे, बस्स.

काम म्हटलं तर सोपं. कचेरीतल्या चार कॉम्प्युटरांवर कूटलेखनाचा नवा घटक बसवायचा आणि तपासायचा. एक सप्टेंबरनंतर जुना चालणार नाही, आणि डिजिटल सही झाली नाही तर एकाही गावाला पाण्याची पाळी मिळणार नाही. माझ्या आधी इथे येदिगे नावाचा माणूस होता. तो कुठे गेला म्हणून विचारलं, तर साहेब, म्हणजे तोरेखान आगाय, म्हणाले की माणसं जातात तिथेच गेला असेल. सगळे हसले, मीही हसले.

१३ ऑगस्ट, मंगळवार

पहिला कॉम्प्युटर कलांपिर आपायचा. धूळ एवढी की आत कांदे लावले असते तर उगवले असते. साफ केला, राहिलेले अपडेट चढवले, मग घटक बसवायला घेतला. आयीमला मी असं समजावते की हा कॉम्प्युटरच्या पोटात बसणारा कारकून आहे. त्याच्या हातात कागद दिला की तो अशी गाठ मारतो, ती किल्लीवाल्याशिवाय कुणाला सुटू नये, आणि खाली मालकाची सही ठोकतो. बसला एकदाचा. खाली घड्याळाशेजारी बारकं किल्लीचं चिन्ह आलं.

आता या लोकांचा कारभार. अकरा माणसांच्या सह्यांच्या अकरा किल्ल्या, म्हणजे अकरा पेनड्राइव्ह, आपायच्या टेबलावर खाऊच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डब्यात! चिकटपट्टीवर नावं, आणि सगळ्यांचा पासवर्ड एकच, एक ते सहा. कुणीही उठावं आणि कुणाच्याही नावाने सही करावी. मी कपाळावर हात मारला. आपाय म्हणाली, अगं पोरी, घरातल्या घरात कुणी कुलपं लावतं का. मी म्हटलं, आपाय, चोर घरातलाच असतो बहुतेक. तिच्या गालावरच्या खळ्या गेल्या.

१४ ऑगस्ट, बुधवार

आज सगळ्यांना बसवून पासवर्ड बदलायला लावले. मोठा शब्द घ्या, मध्ये आकडे घाला, कुणाला सांगू नका, बायकोलासुद्धा नाही. तोरेखान आगाय म्हणाले, बायकोला तर मुळीच नाही. पण हसलं कुणी नाही. एकेक जण खाली मान घालून बदलत होता, शाळेत छडी खाल्लेल्या पोरांसारखा.

घटकाबरोबर नमुन्याची एक किल्ली येते, चाचणीपुरती. ती घातली तर लाल अक्षरं आली: चाचणीसाठी खरी किल्ली द्या. तीनदा काढून घातली, तेच. असं मी आजवर कुठे पाहिलं नाही.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

आज मला चहा काठोकाठ भरून दिला.

आपल्याकडे पाहुण्याला घोटभरच ओततात, पुन्हापुन्हा, म्हणजे बस, आणखी थांब. वाटी काठापर्यंत भरली की अर्थ एकच, पी आणि चालू लाग. आपायने सगळ्यांदेखत भरली आणि माझ्यापुढे सरकवली. माझे कान तापले. काय केलं मी? तर म्हणे, चाचणी अडवून ठेवली. बसवणाऱ्याने स्वतःची किल्ली द्यायची ही इथली रीत, येदिगेनेही दिली होती, आणि तू आम्हाला चोर म्हणतेस. मी म्हटलं, मग तुमच्यापैकी एकाची द्या. अकराही जणांचे हात आपापल्या खिशावर गेले.

२१ ऑगस्ट, बुधवार

कुणी बोलत नाही माझ्याशी. मी आले की खोली गप्प होते. फ्लॅटची माझ्या नावावरची नोंद आपायच्या टेबलावर पडून आहे, आणि नोंद नसेल तर शाळा आयीमला घेणार नाही. विचारलं की आपाय खिडकीबाहेर बघते. बाकीचे तीन कॉम्प्युटर बसवून झाले. चाचणी मात्र चारहीवर अडलेली.

रात्री आयीमचा फोन होता. दप्तर निळं घेतलं म्हणे, त्यावर उंट आहे. पहिल्या दिवशी वेणी तूच घालायची, आजी फार ओढते.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

दिली. काय करणार, अडला हरी गाढवाचे पाय धरी. सगळ्यांशी वाकडं घेऊन पोरीला कुठे आणू इथे? परकं म्हणवून घेण्यापेक्षा एक सही केलेली बरी, असं मनाला समजावलं आणि दुपारी माझा पेनड्राइव्ह डब्यात टाकला. आपायने मला मिठी मारली. डोक्यावरून गोळ्या उधळल्या, नवरीवर उधळतात तशा. बरोबर चार दहाला मी 'चाचणी' एवढा एकच शब्द लिहिलेली फाइल उघडली, माझी किल्ली लावली, पासवर्ड दिला. सही झाली! हिरवी अक्षरं. चहा आज घोटभर, पाच वेळा. फ्लॅटची नोंदही तिथल्या तिथे झाली.

निघताना पाहिलं तर डब्यात माझा एकटीचाच पेनड्राइव्ह होता. बाकीच्यांनी आपापले काढून नेले होते. मीही माझा उचलला आणि पर्समध्ये टाकला.

२६ ऑगस्ट, सोमवार

चारला मी टपाल कचेरीत होते, किल्ली पर्समध्ये. परत आले तर सह्यांच्या यादीत माझ्या नावाची नवी ओळ: शोल्पान, चाचणी १, वेळ १६:१०. ती फाइल उघडेना, गाठ मारलेली. माझ्याच किल्लीने सुटली. आत एक ओळ होती: फ्लॅट, सांसिझबायकडे.

सांसिझबाय म्हणजे आमचा पहारेकरी. धावत घरी गेले. दार त्याच्या बायकोने उघडलं, हात पिठाने भरलेले. ती वाईट वागली असती तर मी भांडले असते. ती प्रेमाने म्हणाली की ये गं, चहा घे, कुणाकडे आलीस? आम्ही नऊ वर्षं इथेच राहतो. आत पाळणा. भिंतीवर त्यांच्या लग्नाचा फोटो, भोवतीचा रंग जुना पडलेला. काल तिथे माझं कॅलेंडर होतं! माझी बॅग जिन्यात ठेवली होती, नीट बांधून.

स्टँडजवळच्या लॉजमध्ये आहे. सांसिझबाय मात्र मला जिन्यात भेटला आणि नजर चुकवून निघून गेला. म्हणजे बायकोला ठाऊक नाही, त्याला ठाऊक आहे.

२७ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी आरडाओरडा केला. अकराही जण ऐकत बसले. कुणी काही नाकारलं नाही, कबूलही केलं नाही, ताकास तूर लागू दिली नाही. कॉम्प्युटरवरून घटक काढून टाकायला गेले. निघत नाही. वीज तोडली, पुन्हा लावली, चिन्ह आहे तिथेच. चार दहा होईपर्यंत मी पेनड्राइव्ह मुठीत धरून पडद्यासमोर बसले. हललेसुद्धा नाही.

सही झाली. माझ्या डोळ्यांदेखत. चाचणी २: नोकरी, आगायच्या भाच्याकडे.

मागून कुणीतरी म्हणालं की बाई, जरा उठता का, ही माझी खुर्ची आहे. कोवळा पोरगा, गळ्यात कचेरीचं ओळखपत्र. तोरेखान आगायनी मला पाणी दिलं आणि विचारलं की आपलं काय काम होतं. विचारताना ओठ थरथरत होते त्यांचे. हसू दाबत होते मेले.

२८ ऑगस्ट, बुधवार

येदिगे सापडला. कुठेही गेलेला नाही, स्टँडमागच्या बेकरीपाशी बसलेला असतो. दोन आठवडे मी त्याच्यासमोरून जात होते. लोक त्याला ओलांडून जातात.

त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. चाचण्या पाच. कामाच्या दर दिवशी एक, पहिली सही झाली त्याच वेळेला. दर चाचणीत किल्लीवाल्याची एक गोष्ट जाते आणि त्या अकरांतल्या कुणाकडे किंवा त्यांच्या माणसाकडे येते. पाचवी सगळ्यांत जिवाची असते. त्याची पाचवी त्याची बायको होती. आता ती कचेरीच्या ड्रायव्हरची बायको आहे. तो दारात गेला तेव्हा तिने त्याला ब्रेड आणि जुना कोट दिला आणि म्हणाली, बाबा, थंडी आहे, जपा. हे सांगताना तो रडलासुद्धा नाही.

मला विचारलं, तुझं जिवाचं कोण? मी म्हटलं, मुलगी. त्याने हातातला ब्रेड खाली ठेवला. मग म्हणाला की कलांपिरची दोन मुलं जन्मताच गेली. ती तुझी वाट बघत होती.

यातून सुटायचा रस्ता एकच. दुसरी कुणाची तरी खरी किल्ली लागली की आधीची चाचणी आहे तिथे थांबते. त्याच्या आधी पाव्लोदारची एक बाई होती, येदिगेची किल्ली लागली आणि ती चौथीवर सुटली, नवऱ्याला घेऊन पळून गेली. म्हणूनच दर वर्षी बाहेरचं माणूस आणतात.

चार दहाला फोन गेला. चाचणी ३: फोन, कलांपिरकडे. टपाल कचेरीतून आईला लावला. आई म्हणाली, तू कोण गं? माझी शोल्पान आत्ताच तर माझ्याशी बोलली. तिने सांगून ठेवलंय, की कुणी ठग बाई माझ्या नावाने फोन करेल, येऊ नका म्हणेल, ऐकू नकोस. मी ओरडले, आई, मी आहे मी! आईने ठेवून दिला. पुन्हा लावला, उचलला नाही.

आपाय माझ्या आईशी बोलते. माझ्या नावाने.

२९ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी नागरिक सेवा केंद्रात गेले, माझी किल्ली रद्द करा म्हणून. खिडकीतली मुलगी म्हणाली, सहीशी जोडलेल्या मोबाइलवर पुष्टी लागते. मोबाइल तर कलांपिरकडे.

दुपारी कलांपिरचा पेनड्राइव्ह चोरला. हो, चोरला. तिचा कोट खुंटीला होता. भाचा जेवायला गेला तेव्हा लावला. एक ते सहा. चूक. तिचं जन्मवर्ष. चूक. तिचं नाव. चूक, आणि किल्ली बंद पडली. मोठा शब्द घ्या, मध्ये आकडे घाला, कुणाला सांगू नका— मीच शिकवलं ना! हात दाखवून अवलक्षण. मोठी शहाणी लागून गेले होते.

ती दारात उभी होती. चिडली नाही. म्हणाली, हुशार आहेस पोरी, आयीमही तुझ्यावर गेली असेल, मी तिला डॉक्टर करीन.

थोबाडीत मारली मी तिच्या. सांसिझबायने मला बाहेर काढलं.

चाचणी ४: नाव, कलांपिरकडे. ओळखपत्रावर नाव माझंच आहे. फोटो तिचा.

आता उरली पाचवी. उद्या संविधान दिनाची सुट्टी. परवा शनिवारी कचेरी मुद्दाम चालू ठेवलीय, मुदत संपते म्हणून. आईची बस परवा चारला.

३० ऑगस्ट, शुक्रवार

सगळं गाव मैदानावर, घोड्यांच्या शर्यती. कचेरीत चिटपाखरू नाही. मागच्या खिडकीची काच फोडली.

माझ्याकडे दुसरी एक किल्ली आहे. पहिल्यापासून होती. घरोघर असते तशीच— म्हाताऱ्या माणसांना कॉम्प्युटर जमत नाही, म्हणून आईबापांची किल्ली आपण सांभाळतो. पेन्शनचा अर्ज, डॉक्टरचा नंबर, सगळं आपणच सही करून देतो. आईची किल्ली माझ्या घराच्या जुडग्याला लटकलेली. पासवर्ड एक ते सहा. मीच ठेवलेला.

अर्धा तास हातात धरून बसले. माझी स्वतःची आई! पण समोर आयीम होती. आणि हिशेबही केला— आईची पहिली चाचणी लगेच व्हायची नाही, कामाच्या दिवशी होईल. आणि पहिलीत काय जातं? माझा पहिलीत फ्लॅटच गेला. पाचवीपर्यंत पाच दिवस आहेत. उद्या दोघी उतरल्या की त्याच बसने परत, करागांडाला, सोमवारी सकाळी आईला केंद्रात उभी करून किल्ली रद्द. आईचा मोबाइल आईकडेच आहे. होईल.

लावली. सही झाली. यादीत माझ्या नावापुढे आलं: चाचणी थांबली.

जमिनीवर बसून रडले. वाचली गं माझी पोर.

३१ ऑगस्ट, शनिवार

स्टँडवर, पावणेचार. येदिगे शेजारी बसलाय. त्याला सांगितलं, आईची किल्ली लावली. शाबास म्हणेल वाटलं. त्याने विचारलं, आईच्या नावावर काय काय आहे?

मी मोजायला लागले. खोली— ती गेल्या वर्षीच माझ्या नावावर केली, दवाखान्यातून आल्यावर. नोकरी नाही. पेन्शन माझ्या कार्डावर येते. फोनसुद्धा माझ्या नावाने घेतलेला.

आईच्या नावावर काही नाही. मी आहे फक्त. मुलगी.

मग पहिलीत काय जाईल? मीच. आणि आईची मुलगी दुसरीच ठरली, तर आयीमची आई कोण

काल कुठल्या वेळेला लावली? काच फोडली तेव्हा मैदानावर तोफ झाली होती, शर्यत सुरू व्हायची, साडेतीनची. मग अर्धा तास आईचा विचार. आणि— चार. चारच्या आसपास. चार पाच? पडद्यावर पाहिलं का मी? नाही पाहिलं. सुटले म्हणून रडत बसले

कलांपिर आली आहे. पलीकडच्या बाकावर. नवा रुमाल, हातात फुगा. माझ्याकडे बघतही नाही

आईला सांगेन. उतरल्या उतरल्या धरेन दोघींना. एका वाक्यात सांगेन

तीन अठ्ठावन्न. बस दिसते, वळणावर

थांबली. धूळ

खिडकीत निळं दप्तर. उंट. आयीम! ती काचेवर हात आपटतेय, मला बघून! मला! ओळखलं तिने, मम्मी म्हणतेय, ओठ दिसतात मला, अल्ला, वाचलो

दार उघडत नाही. ड्रायव्हर खाली उतरून खटपट करतोय. चार चार. लाथ मारली दाराला. येदिगेही ओढतोय

चार सात

उघडलं. म्हातारी माणसं आधी. आई पायरीवर, गुडघे धरून. आई लवकर ये गं लवकर. हात दिला मी, तिने धरला. शोल्पान, किती वाळलीस, म्हणाली. मागे आयीम, दप्तर अडकलंय तिचं. वही बसच्या पत्र्याला टेकवून एका हाताने लिहितेय, आईचा हात सोडायचा नाही, सुटला तर

आईने हात काढून घेतला. हळूच, लोकलाजेने काढतात तसा. माफ करा म्हणाली. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघतेय, हसतेय, पोरीला म्हणतेय की ती बघ तुझी आई, फुगा घेऊन

आयीम पायरीवरच उभी आहे. एकदा तिच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे. अजून माझ्याकडे. बोट तोंडात. अजून बघतेय. वेणीचं सांगितलं मी तिला, ओरडून सांगितलं, आजी ओढते, मी घालणार ना, ती एक पाऊल माझ्याकडे— मग मला विचारते आहे की काकू, तुम्ही का